क्वेरीतील दोष आणि पाठशुद्धी : जुन्नर-आंबेगावच्या ग्रामनामांच्या निमित्ताने

आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव होय. ज्या गावावरून तालुक्याने नाव घेतले ते घोड नदीकाठचे आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. नाव मात्र तालुक्याच्या कागदावर राहिले. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही दोन गावे तेथून पुष्कळ दूर, पुणे शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या बाजूला आहेत. जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद आणि वडगाव कांदळी आहेत, तर आंबेगाव तालुक्यात वडगाव काशिंबेग आणि वडगाव पीर. या टापूत वावरलेल्या माणसाला यांतील एकही नाव घोटाळ्यात पाडू शकत नाही, कारण नावाबरोबर नदी, बाजार, सोयरीक आणि वाट यांचे ज्ञान त्याच्यापाशी असतेच. संगणकातील नोंदवहीला यांपैकी काहीही ठाऊक नसते. तिच्यापाशी अक्षरे असतात, आणि अक्षरांच्या दोन मालिका केव्हा समान मानाव्यात, कोणती आधी व कोणती नंतर, यांविषयीचे काही नियम असतात.

हे नियम जेथे अपुरे पडतात किंवा त्यांची अंमलबजावणी जेथे चुकते, तेथे नोंदवही थांबत नाही. ती उत्तर देते. संगणकाच्या दोषांत हा प्रकार सर्वांत घातक म्हटला पाहिजे. यंत्र बंद पडले तर निदान ते बंद पडले हे कळते. परंतु चाळीस गावांची यादी मागितली असता एकोणचाळीस गावे नीटनेटक्या कोष्टकात छापून आली, तर चाळिसावे गाव गळाले हे सांगणारे कोणी नसते. ज्याने प्रश्न विचारला त्याला उत्तर आधीपासून ठाऊक असते तर त्याने तो विचारलाच नसता. मुक्त स्रोताच्या डेटाबेस सर्व्हरांमधील असे दोष कसे ओळखले जातात, कसे दुरुस्त होतात, आणि त्या दुरुस्तीची रीत पाठचिकित्सेच्या कसोटीवर कितपत उतरते, याचा विचार करण्यासारखा आहे. मराठीच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. यातील निम्मा भाग त्याच्याच प्रांतातला आहे.

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले, तेव्हा त्यातील मुख्य वचन असे होते की, माहिती कोठे व कशी साठविली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये. काय हवे तेवढे त्याने सांगावे. उत्तर कोणत्या वाटेने काढावयाचे ते सर्व्हर ठरवील. आजच्या पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल, मारियाडीबी या सर्व्हरांचा पाया हाच आहे. या वचनात एक गर्भित अट आहे. वाटा कितीही असोत, सर्व वाटांनी येणारे उत्तर एकच असले पाहिजे. क्वेरीतील दोषांचा बराच मोठा वर्ग म्हणजे या अटीचा भंग होय.

याचे जुने आणि बोधप्रद उदाहरण काउंट-दोष या नावाने प्रसिद्ध आहे. वोन किम यांनी 1982 मध्ये एका क्वेरीच्या पोटात दुसरी क्वेरी असेल तर ती उलगडून दोन कोष्टकांच्या साध्या जोडणीत कशी रूपांतरित करावी, याची पद्धत प्रसिद्ध केली. पद्धत वेगवान होती आणि एका बाबतीत चुकीची होती. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. समजा, एका कोष्टकात प्रत्येक गावापुढे जुन्या पाहणीत नोंदलेली लेण्यांची संख्या आहे आणि दुसऱ्यात नव्याने मोजलेल्या प्रत्येक लेण्याची स्वतंत्र ओळ आहे. ज्या गावांची जुनी संख्या आणि नवी मोजणी जुळते ती गावे द्या, असा प्रश्न केला. ज्या गावात जुन्या पाहणीप्रमाणे शून्य लेणी आहेत आणि नव्या मोजणीतही एकही सापडले नाही, ते गाव उत्तरात आलेच पाहिजे, कारण शून्य आणि शून्य जुळतात. परंतु किम यांच्या जोडणीत त्या गावाला दुसऱ्या कोष्टकात जोडीदारच मिळत नाही, म्हणून ते गळून पडते. वर्नर कीसलिंग यांनी 1984 मध्ये हा दोष दाखविला. 1987 मध्ये गान्स्की व वाँग यांनी जोडीदार नसलेल्या ओळीही राखणाऱ्या जोडणीचा उपाय मांडला. येथे दोषाविषयी मतभेदाला जागा नाही. मूळ क्वेरीचा अर्थ निश्चित आहे, रूपांतराने तो बदलला, आणि रूपांतर सुधारणे हेच कर्तव्य ठरते. अभाव हीदेखील एक नोंद आहे, ही गोष्ट यंत्राला जशी शिकवावी लागली तशी ती कोशकारांना आणि सूचिकारांनाही वेळोवेळी शिकावी लागली आहे.

मराठी नावांच्या बाबतीत मात्र प्रकरण इतके सरळ नाही.

मायएसक्यूएलच्या 8.0 या आवृत्तीत अक्षरमालिकांच्या तुलनेचा जो नियम आपोआप लागू होतो, तो युनिकोडच्या सर्वसाधारण वर्णक्रमावर आधारलेला आहे. त्या वर्णक्रमात प्रत्येक चिन्हाला निरनिराळ्या पातळ्यांवर वजन दिलेले असते. अनुस्वार, चंद्रबिंदू आणि विसर्ग यांना पहिल्या पातळीवर वजन नाही. ते दुसऱ्या पातळीवर, म्हणजे युरोपीय लिप्यांतील स्वरावरच्या आघातचिन्हांच्या पंक्तीत बसविले आहेत. आणि हा आपोआप लागू होणारा नियम केवळ पहिली पातळी पाहतो. परिणाम असा की, त्याच्या दृष्टीने ‘नदी’ आणि ‘नंदी’ हे एकच शब्द होत. ‘पत’ आणि ‘पंत’ यांत भेद नाही. ‘मद’ आणि ‘मंद’ यांतही नाही. लेण्यांच्या आणि देवळांच्या पाहणीत नदीकाठची स्थळे शोधणाऱ्याला हा सर्व्हर दारातले सगळे नंदी आणून देईल, आणि ‘मंचर’ हे नाव अनन्य असावे असे बंधन घातलेल्या रकान्यात कोणी ‘मचर’ लिहू लागला तर ते नाव आधीच आहे म्हणून नाकारील.

पोस्टग्रेसक्यूएलचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. तेथे रूढ वर्णक्रमांत दोन मालिका समान ठरण्यासाठी त्या बाइटगणिक समान असाव्या लागतात. म्हणून नदी आणि नंदी वेगळे राहतात, हे योग्यच. परंतु ‘बोऱ्हाडे’ या नावातील ऱ एका टंकलेखकाने एका चिन्हाने आणि दुसऱ्याने र व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिला, तर डोळ्यांना एकच दिसणारे नाव तेथे दोन माणसांचे होते. 2019 मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून तेथे वेगळ्या पद्धतीचे, बाइटांपलीकडे पाहणारे वर्णक्रमही वापरता येतात. परंतु ते मुद्दाम मागून घ्यावे लागतात.

आता यांपैकी दोष कोणाचा? मायएसक्यूएल आपल्या घोषित नियमाप्रमाणे वागतो, पोस्टग्रेसक्यूएलही वागतो. दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत आणि दोघेही आपापल्या परीने निर्दोष आहेत. उतावीळ टीकाकार येथे म्हणेल की, अनुस्वाराला पहिल्या पातळीवर वजन द्यावे म्हणजे झाले. तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मराठी लेखनाचा इतिहास या उपायाच्या आड येतो.

मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये मान्य केले, आणि त्यांन्वये अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या कागदात ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांही’ असे लिहिलेले असे. नारायणगाव हे तेव्हा ‘नारायणगांव’ होते. म्हणजे जुन्या आणि नव्या कागदांतून एकाच गावाच्या नोंदी एकत्र आणावयाच्या असतील, तर अनुस्वाराकडे डोळेझाक करणारा नियमच उपयोगी पडतो. आणि ज्याला काटेकोर म्हणावे तो नियम 1962च्या आधीचे सारे कागद निमूटपणे वगळतो. नदी-नंदीच्या बाबतीत जो दोष, तो गांव-गावच्या बाबतीत गुण ठरतो. याचा पेच ज्या नावात पूर्ण दिसतो ते नाव ‘आंबेगांव’ हेच आहे. त्यातील पहिला अनुस्वार उच्चारला जातो, दुसरा उच्चारला जात नाही. पहिला गाळला तर शब्द मोडतो, दुसरा ठेवला तर नवी नोंद सापडत नाही. आणि यंत्राला दोन्ही अनुस्वार हुबेहूब एकच चिन्ह म्हणून दिलेले आहेत. उच्चारित आणि अनुच्चारित हा भेद लिपीत कधीच नव्हता, तो वाचणाऱ्याच्या कानात होता. तेव्हा लिपीपुरते पाहणाऱ्या सर्व्हरने तो ओळखावा ही अपेक्षाच अन्याय्य आहे.

याहून अवघड स्थळ विभक्तीचे आहे. आजच्या लेखनात ‘गावात’ हे एकवचन आणि ‘गावांत’ हे अनेकवचन. जुन्या लेखनात एकवचनी सप्तमीवरही अनुस्वार दिला जाई. ‘घरांत’ म्हणजे एका घरातही असू शके. तेव्हा 1950 सालच्या कागदातील ‘गांवांत पाणी शिरलें’ हे वाक्य एका गावाविषयी की अनेक गावांविषयी, हे त्या वाक्यातील अक्षरांवरून ठरत नाही, संदर्भावरून ठरते. हेच वाक्य आजच्या लेखनात आले तर ते अनेक गावांविषयी आहे. अक्षरे तीच, अर्थ वेगळा, आणि वेगळेपणाचे कारण अक्षरांत नसून कागदाच्या वयात. समानतेचा कोणताही नियम, मग तो एका पातळीचा असो की तीन पातळ्यांचा, हे जाणू शकत नाही, कारण त्याला फक्त दोन मालिका दिलेल्या असतात. कागदाचे साल दिलेले नसते. क्वेरीतील दोष दुरुस्त करणाऱ्यांच्या चर्चेत हा मुद्दा आजवर मराठीच्या बाजूने ठामपणे मांडला जावयास हवा होता. तो मांडण्याचे काम सर्व्हर लिहिणाऱ्यांचे नव्हते.

वर्णक्रमाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, पण त्याचे परिणाम दूरवर जातात. मराठी कोशात ळ हा हनंतर येतो. युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमात तो लला लागून, वच्या आधी आहे. म्हणून जुन्नर तालुक्यातील आळे आणि आंबेगाव तालुक्यातील आहुपे यांत आधी कोण, हे कोणाला विचारावे त्यावर अवलंबून राहते. मराठी कोशकाराला विचारले तर आहुपे आधी, आळे नंतर. सर्वसाधारण क्रमाला विचारले तर उलट. (आळे म्हणजे ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखाने वेद वदविले त्या रेड्याची समाधी जेथे दाखवितात ते गाव.) एखाद्याने ‘आळे’पासून ‘आहुपे’पर्यंतची गावे मागितली, तर एका क्रमाने गावांची यादी मिळेल आणि दुसऱ्या क्रमाने उत्तर रिकामे येईल. युनिकोड संघाच्या स्थानिक भाषांसाठीच्या माहितीसंग्रहात मराठीचा वेगळा क्रम नोंदलेला आहे, ळ त्यात हच्या पाठोपाठ आहे, आणि पोस्टग्रेसक्यूएलला 2017 मधील दहाव्या आवृत्तीपासून तो वापरता येतो. मायएसक्यूएलच्या 8.0 या आवृत्तीच्या यादीत व्हिएतनामी, जपानी, रशियन यांसाठी स्वतंत्र क्रम आहेत, मराठीसाठी नाही. ही उणीव म्हणता येईल. दोष म्हणता येणार नाही.

मग नियमच का सुधारीत नाहीत, असे कोणी विचारील. याचे उत्तर इंडेक्समध्ये आहे. मोठ्या कोष्टकातून नाव चटकन सापडावे म्हणून सर्व्हर त्या नावांची क्रमवार सूची बांधून ठेवतो; ग्रंथाच्या शेवटच्या सूचीसारखीच ती असते. सूची एका क्रमाने बांधली आणि शोधणारा दुसऱ्या क्रमाने चालू लागला, तर नाव सूचीत असूनही सापडत नाही. 2018 मध्ये लिनक्सवरील ग्लिबसी या मूलभूत संग्रहाची 2.28 ही आवृत्ती निघाली आणि तीत वर्णक्रमाची माहिती मोठ्या प्रमाणावर बदलली. सुधारणा प्रामाणिक होती. परंतु ज्या संस्थांनी खालची प्रणाली बदलली आणि वरचे पोस्टग्रेसक्यूएलचे इंडेक्स तसेच ठेवले, त्यांच्या सूची एका रात्रीत खोट्या झाल्या; सर्व्हरची एकही ओळ न बदलता. मायएसक्यूएलनेही याहून आधी असाच अनुभव घेतला होता. 5.1.24 या आवृत्तीत जर्मन भाषेतील दुहेरी एसच्या जोडाक्षराची तुलना सुधारण्यात आली, आणि त्यामुळे जुन्या आवृत्तीत बांधलेले इंडेक्स निरुपयोगी ठरू लागले. अखेरीस जुना चुकीचा क्रम स्वतंत्र नावाने पुन्हा उपलब्ध करून द्यावा लागला. चूक जतन करण्यासाठी तिला नाव द्यावे लागले, ही घटना पाठचिकित्सकाला ओळखीची वाटेल. अपपाठही परंपरेचा भाग झाला की तो संपादकाला तळटीपेत ठेवावा लागतो.

येथवर पाहिलेल्या दोषांत यंत्राची बाजू घेण्यास जागा होती. 2017चे एक प्रकरण तसे नाही, आणि दुरुस्तीच्या रीतीचे मूल्यमापन करण्यास ते अधिक उपयुक्त आहे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एखादी ओळ बदलली असता जुनी ओळ पुसली जात नाही. तिची नवी प्रत लिहिली जाते. प्रत्येक नव्या प्रतीची नोंद प्रत्येक इंडेक्समध्ये करावी लागली तर काम फार वाढते. म्हणून 2008 मध्ये निघालेल्या 8.3 या आवृत्तीत पवन देवलसी यांनी रचलेली एक युक्ती आली. बदललेल्या रकान्यांपैकी एकही इंडेक्समध्ये नसेल, तर नवी प्रत त्याच पानावर जुनीच्या पाठीशी बांधावयाची आणि इंडेक्सला हात लावावयाचा नाही. युक्ती सुंदर आहे, आणि तिचा सारा भार एका माहितीवर आहे : या क्षणी कोणकोणते रकाने इंडेक्समध्ये आहेत?

ही माहिती सर्व्हर जवळ टिपून ठेवतो. कोष्टकाचे काम चालू ठेवून, कोणालाही न अडविता, नवा इंडेक्स बांधण्याची सोयही पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आहे. आता समजा, ग्रामनामाच्या रकान्यावर पूर्वी इंडेक्स नव्हता, तो असा चालत्या कामात बांधला जात आहे, आणि त्याच घटकेला कोणी ‘नारायणगांव’ पुसून ‘नारायणगाव’ करीत आहे. टिपण शिळे असेल तर सर्व्हरला वाटते की, या रकान्यावर इंडेक्स नाही. तो नवी प्रत जुनीच्या पाठीशी बांधतो आणि इंडेक्सला कळवीत नाही. पुढे ‘नारायणगाव’ इंडेक्समधून शोधले तर ती ओळ मिळत नाही. सगळे कोष्टक पहिल्यापासून वाचले तर मिळते. कॉड यांच्या वचनातील ती गर्भित अट येथे मोडली : दोन वाटा, दोन उत्तरे.

हा दोष देवलसी यांनाच आपल्या पुढच्या एका सुधारणेची ताणचाचणी घेताना आढळला. 9 फेब्रुवारी 2017 रोजी निघालेल्या 9.6.2 आणि तिच्या जोडीच्या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. तिच्या श्रेयात त्यांचे आणि टॉम लेन यांचे नाव आहे. 9.2पासून 9.6पर्यंतच्या तेव्हा चालू असलेल्या सर्व शाखांत दोष असल्याचे जाहीर करण्यात आले, आणि ज्यांना संशय असेल त्यांनी संबंधित इंडेक्स पुन्हा बांधावेत असा सल्ला देण्यात आला. या प्रकरणातील प्रशंसनीय भाग उघड आहे. दोष शोधणाऱ्याने तो लपविला नाही, दोषाची शर्त नेमकी सांगितली गेली, कोणाला बाधा पोचेल आणि कोणाला नाही हे निश्चित केले गेले, आणि नवी-जुनी दोन्ही संहिता शेजारी ठेवून कोणालाही पाहता येतात.

ही शेवटची गोष्ट लहान नव्हे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तीत पुढे कोणी भर घालू नये असा इशाराही दिला. त्या कार्याचे ऋण मराठीवर अपार आहे. परंतु एकनाथांनी नेमके काय काय बदलले याची यादी कोणापाशी नाही. म्हणूनच राजवाड्यांनी 1909 मध्ये वेगळ्या परंपरेची पोथी छापली तेव्हा एवढा वाद माजला. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिचे मोठेपण मुख्य संहितेइतकेच तिच्या तळटीपांत आहे. टाकलेला प्रत्येक पाठ तेथे जिवंत आहे. मुक्त स्रोताच्या दुरुस्तीची रीत एकनाथांच्या नव्हे, सुकथनकरांच्या बाजूची आहे. किंबहुना एका बाबतीत ती पुढे जाते. दुरुस्तीबरोबर पुष्कळदा एक लहानशी चाचणी ठेवली जाते, आणि पुढे कोणी तोच अपपाठ पुन्हा आणला तर ती चाचणी त्याच दिवशी ओरडते. पोथीला अशी राखण कधीच मिळाली नाही.

तथापि साम्य येथेच संपते, आणि आक्षेप येथून सुरू होतो. दुरुस्ती संहितेची होते, दिलेल्या उत्तरांची होत नाही. इंडेक्स पुन्हा बांधा, हा सल्ला पुढच्या क्वेरीपुरता आहे. मधल्या काळात त्या इंडेक्समधून ज्या याद्या छापल्या गेल्या, ज्या याद्यांवर सह्या झाल्या, त्या तशाच राहतात. धरणाखाली गेलेल्या गावाच्या बाबतीत याचा अर्थ काय होईल, हे सांगावयास नको. गाव जाग्यावर असते तर गळालेला माणूस चावडीवर जाऊन भांडू शकतो. गाव पाण्याखाली गेल्यावर त्याचा शेजार, त्याचा बांध, त्याला ओळखणारा पाटील हे सारे विखुरलेले असतात, आणि यादी हाच एक पुरावा उरतो.

मग सर्व्हरचे उत्तर बरोबर आहे हे तपासावयाचे कसे? या प्रश्नावर अलीकडच्या काळात उत्तम काम झाले आहे. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील मानुएल रिगर आणि झेंदोंग सू यांनी 2020 मध्ये मांडलेली एक कल्पना तिच्या साधेपणामुळे मनात भरते. कोणतीही अट घ्या. समजा, ‘गाव जलाशयात गेले’. प्रत्येक ओळीपुरती ती अट खरी असेल, खोटी असेल किंवा अज्ञात असेल. या तिन्ही भागांची बेरीज मूळ कोष्टकाइतकीच भरली पाहिजे. ती भरली नाही तर सर्व्हर कोठे तरी चुकला, आणि हे कळण्यासाठी खरे उत्तर काय आहे ते आधी माहीत असावे लागत नाही. हिशेबनीस ताळा पाहतो तसा हा प्रकार आहे. त्याच वर्षी त्यांनी मांडलेल्या दुसऱ्या एका पद्धतीने एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल या तिघांत मिळून 121 नवे दोष सापडले आणि त्यांतील 96 मान्य किंवा दुरुस्त झाले. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये एस. सुदर्शन यांच्या गटाने एक्सडेटा या प्रकल्पात उलट्या टोकाने सुरुवात केली. सर्व्हर बरोबर आहे असे धरून क्वेरी लिहिणाऱ्याची चूक उघडी पाडील अशी नमुन्याची माहिती आपोआप रचावयाची. हेही तितकेच आवश्यक आहे. बाधित गावांच्या यादीत एक जरी नाव कोरे राहिले असेल, तर ‘या यादीत नसलेली गावे द्या’ या रूढ क्वेरीचे उत्तर संपूर्ण रिकामे येते. तेथे सर्व्हर प्रमाणित नियमानेच वागलेला असतो, विचारणारा फसलेला असतो.

परंतु या सर्व पद्धती उत्तर स्वतःशी सुसंगत आहे की नाही, एवढेच तपासतात. नदी आणि नंदी एकच मानणारा सर्व्हर रिगर यांच्या ताळ्यात तंतोतंत उतरेल. त्याची बेरीज चुकणार नाही, कारण तो चुकीच्या समानतेशी इमानाने वागतो. येथे भाषेच्या जाणकाराने आत येण्याची गरज आहे, आणि तो सहसा बाहेर उभा असतो. त्याच्या जागी व्यवहारात जे होते ते असे : अनुस्वार नको म्हणून सगळे अनुस्वार काढून टाकलेला एक जादा रकाना कोणी तरी तयार करतो, ळच्या जागी तात्पुरते भलतेच अक्षर घालून क्रम साधतो, आणि काम भागवितो. हे उपाय सर्व्हरच्या बाहेर, एकेका कार्यालयाच्या क्वेरींत दडून राहतात. त्यांना ना चाचणी असते, ना तळटीप. ज्याने ते केले तो बदलून गेला की, ‘आबेगाव’ हे नाव कोठून आले हे कोणालाच सांगता येत नाही. मुक्त स्रोताचा सर्व्हर वापरूनही त्याच्या मुक्ततेचा उपयोग मात्र करावयाचा नाही, अशी ही रीत आहे.

मराठीच्या बाजूने जे मागावयास हवे ते फार नाही. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांच्याकडे नेण्यासाठी एक वेगळ्या नावाचा मराठी वर्णक्रम, म्हणजे जुन्या इंडेक्सना धक्का न लावता ळ आणि अनुस्वार यांना योग्य स्थान मिळेल. आणि त्याच्यासोबत चाचणीसाठी शब्दांच्या जोड्या. नदी व नंदी भिन्न. पत व पंत भिन्न. आहुपे आळेच्या आधी. ऱ दोन्ही लेखनांत एक. या जोड्या सर्व्हरच्या कक्षेत बसतात आणि त्या तेथे मान्य होण्यास तत्त्वतः अडचण नाही. नारायणगांव व नारायणगाव ही जोडी मात्र त्यांत घालता येणार नाही. तिच्यासाठी जुन्या लेखनातील अनुच्चारित अनुस्वारांचा कोश लागेल, शब्दागणिक केलेला, आणि आंबेगांवसारख्या नावात कोणता अनुस्वार ठेवावयाचा व कोणता गाळावयाचा हे त्यात स्थानासह सांगितलेले असावे लागेल. ‘गावांत’सारख्या रूपांपुढे तोही थकेल. तेथे कोष्टकात आणखी एक रकाना ठेवण्यावाचून इलाज नाही, कागद ज्या साली लिहिला गेला त्या सालाचा. आणि गावोगावच्या जुन्या नोंदी संगणकात उतरवून घेताना नेमका तोच रकाना भरून घेतला पाहिजे.